विधानसौधाच्या पायऱ्यांवरून

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जे. पी. नगर, बंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत एक पुष्प मी गुंफावे, अशी कार्यकारिणीने आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला काही दिवस उलगडा होईना. साहित्य, संगीत, संतवाङ्मय हे आपल्या मंडळाचे नित्याचे विषय. पंढरीच्या विठोबाला आपल्या संतांनी कानडा म्हटले, हे तर आपण प्रत्येक संमेलनात एकमेकांना इतक्या वेळा सांगितले आहे की, आज निदान मी तरी ते पुन्हा सांगणार नाही. अखेर असे वाटले की, ज्या राज्यात आपण पन्नास वर्षे गणपती बसवला, मुलांच्या मुंजी-लग्ने केली, ज्याचे पाणी प्यालो आणि ज्याला कर भरला, त्या राज्याविषयीच एकदा बोलावे. राज्य हा विषय अफाट. म्हणून त्याला एक दार असावे लागते. ते दार मी निवडले आहे विधानसौधाचे.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, स्थापत्यविशारदही नाही. उभे आयुष्य कारखान्यात यंत्रांच्या सान्निध्यात गेले. तेव्हा आजच्या विवेचनात पांडित्य सापडणार नाही. पण माझा एक जुना हिशेब या वास्तूपाशी चुकता व्हायचा राहिला आहे. तो शेवटी सांगेन.

भूमी आणि तिचे धनी

आपण बसलो आहोत तेथून आग्नेयेस काही मैलांवर बेगूर नावाचे गाव आहे. आता ते शहरातच आले. तेथील नागेश्वराच्या देवळात साधारण इसवी सन ८९० च्या सुमाराचा एक वीरगळ आहे. त्यावरील कानडी लेखात बेंगळूरच्या लढाईचा उल्लेख येतो. म्हणजे गावाचे नाव अकराशे वर्षांहून जुने. आज आपण जिला बंगळूर म्हणतो ती पेठ मात्र १५३७ साली केंपेगौडा यांनी वसवली. विजयनगरच्या छत्राखालचा हा नाडप्रभू. त्याने किल्ला बांधला, तळी खोदली, व्यवसायवार पेठा आखल्या. अक्कीपेठ, कॉटनपेठ, चिकपेठ ही नावे ऐकताना पुण्याच्या माणसाला परकेपणा वाटत नाही, याचे कारण पेठ हा शब्द दोघांचाही आहे.

शंभर वर्षांनी, १६३८ साली, विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्या स्वारीत बंगळूर पडले आणि शहाजीराजे भोसल्यांकडे जहागीर म्हणून आले. बाल शिवाजी जिजाऊंसह काही काळ याच गावात राहिले. १६४२ च्या सुमारास ते पुण्यास परतले. शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या राधामाधवविलासचंपूत आहे. तो ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी शोधून, विस्तृत प्रस्तावनेसह १९२२ साली प्रसिद्ध केला. अनेक भाषांचे कवी एका दरबारात जमल्याचे त्यात वाचावयास मिळते. १६६४ साली शहाजीराजांचे निधन झाले तेही याच राज्यात, चन्नगिरीजवळच्या होदिगेरे येथे. तेथे त्यांची समाधी आहे. आपल्यापैकी किती जण तेथे गेले आहेत, असा प्रश्न मी विचारणार नाही. कारण मी स्वतः तेथे पहिल्यांदा गेलो तो निवृत्तीनंतर.

शहाजीराजांच्या मागे व्यंकोजीराजे उर्फ एकोजी यांचा येथे अंमल होता. मल्लेश्वरममधील काडु मल्लेश्वराच्या देवस्थानास त्यांनी एक गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. हा मराठा राजा, पण लेख कानडीत आहे. ज्या प्रजेला वाचावयाचा तिच्या भाषेत लिहिला, इतकी साधी गोष्ट त्याला कळत होती. पुढे १६७५ च्या सुमारास एकोजींनी तंजावर हस्तगत केले. बंगळूर दूर पडले. १६८७ साली मोगलांच्या फौजेने ते घेतले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. भोसल्यांची या गावावरील सत्ता अशी एकूण एकोणपन्नास वर्षांची. आपल्या मंडळाचे वय तिच्यापेक्षा एक वर्षाने अधिक झाले आहे, ही मौज ध्यानात घ्यावी.

त्यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. हैदर आणि टिपू. १७९१ साली कॉर्नवॉलिसने घेतलेला बंगळूरचा किल्ला. त्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने आलेल्या परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजा. या फौजांच्या वाटेवरील गावांना काय भोगावे लागले, याची आठवण कानडी मुलखात अद्याप आहे, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे. आपण इतिहासातील केवळ शहाजीराजे उचलावेत आणि लूटमार दुसऱ्यांकरिता सोडावी, हे न्यायाचे नव्हे. १७९९ साली टिपू पडला आणि वोडेयरांचे राज्य पुन्हा उभे राहिले. १८३१ मध्ये इंग्रजांनी कारभार आपल्या हाती घेतला, आणि १८८१ साली तो पुन्हा वोडेयरांकडे सोपवला.

अठरा कचेऱ्या आणि सभा

विधानसौधासमोर रस्त्यापलीकडे तांबड्या रंगाची, दुमजली, ग्रीक धाटणीच्या खांबांची एक लांबलचक इमारत आहे. आज तेथे उच्च न्यायालय भरते. तिचे लोकांच्या तोंडचे नाव ‘अठारा कचेरी’. १८६४ ते १८६८ या काळात ती बांधली गेली, आणि टिपूच्या वाड्यात दाटीवाटीने चालणारी सरकारची अठरा खाती तेथे आली. कानडीत अठरांना ‘हदिनेंटु’ म्हणतात. तरी इमारतीचे नाव ‘अठारा’ असे पडले. दफ्तराची बोली त्या काळी येथे सरमिसळ होती. हैदर-टिपूंच्या महसुली दफ्तरांत कानडी व फारसीबरोबर मराठीही चालत असे. अमलदार, शिरस्तेदार, शेकदार हे अधिकारी म्हैसुरात होते, तसेच आपल्याकडेही होते. १९८० च्या दशकात ही जुनी इमारत पाडण्याचा विचार पुढे आला होता. नागरिकांनी विरोध केला म्हणून ती वाचली.

म्हैसूर संस्थानाची खरी थोरवी तिच्या आत भरणाऱ्या सभांत आहे. १८८१ साली दिवाण रंगाचार्लू यांच्या पुढाकाराने येथे प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन झाली. काँग्रेसच्या स्थापनेच्याही आधी चार वर्षे! तिला कायदे करण्याचा अधिकार नव्हता. गाऱ्हाणी मांडावयाची आणि दिवाणाने ऐकावयाची, एवढेच. तरीही राजाच्या दारात प्रजेला उभे राहण्याची जागा मिळाली. १९०७ साली विधिमंडळाची स्थापना झाली तेव्हा दिवाण होते व्ही. पी. माधवराव, आणि त्यांच्यामागून १९०९ मध्ये आले टी. आनंदराव, बडोद्याचे सुप्रसिद्ध दिवाण सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. दोघेही तंजावरकडील मराठी घराण्यांतले. एकोजी बंगळूर सोडून तंजावरला गेले, आणि सव्वादोनशे वर्षांनी तंजावरी मराठी माणसे बंगळुरात परतली ती दिवाण म्हणून, आणि एका विधिमंडळाच्या आरंभाला हातभार लावून गेली. येथील मराठी माणसाला अभिमान बाळगावयाचा असेल, तर जहागिरीपेक्षा या विधिमंडळाचा बाळगावा, असे माझे नम्र मत आहे.

राज्याचा संसार

आता राज्याच्या अर्थकारणाकडे वळू. म्हैसूरच्या आधुनिक अर्थव्यवस्थेचा पाया तीन गोष्टींवर रचला गेला असे मला वाटते. त्या म्हणजे सोने, पाणी आणि शिक्षण. कोलारच्या खाणींतले सोने काढण्यास वीज हवी होती. ती १९०२ साली कावेरीच्या शिवसमुद्रम् धबधब्यापासून निर्माण करून नव्वदांहून अधिक मैल तारांनी नेली. त्याच विजेचे दिवे १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर लागले. १९०९ साली जमशेटजी टाटांच्या संकल्पातली विज्ञानसंस्था येथे उभी राहिली. तिला म्हैसूर दरबारने तीनशे एकाहत्तर एकर जागा दिली. कोलारच्या खाणी २००१ साली बंद पडल्या, सोने संपले. पण संस्था राहिली.

यानंतरचे नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे. त्यांचे स्थापत्यशिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले, नोकरीचा पूर्वार्ध मुंबई इलाख्यात गेला, आणि खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे १९०३ साली त्यांनीच बसवले. १९१२ ते १९१८ ही सहा वर्षे ते म्हैसूरचे दिवाण होते. त्या अवधीत म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, कन्नड साहित्य परिषद, चंदनतेलाचा आणि साबणाचा उद्योग, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची सिद्धता, कृष्णराजसागराचे काम, इतके सारे घडले किंवा मार्गी लागले. उद्योगाचा आरंभ सरकारने करावा हा त्यांचा आग्रह. म्हैसूरने तो पुढेही पाळला.

१९४० साली वालचंद हिराचंद यांनी विमानांचा कारखाना काढावयाचे ठरवले, तेव्हा त्यांना जागा आणि भागीदारी मिळाली ती म्हैसूर दरबाराची. वालचंद सोलापूरचे. स्वातंत्र्यानंतर टेलिफोनचा कारखाना १९४८ मध्ये, यंत्रसामग्रीचा १९५३ मध्ये आणि इलेक्ट्रॉनिक्सचा १९५४ मध्ये येथे निघाला. आपल्या मंडळाचे निम्मे संस्थापक सभासद या कारखान्यांच्या बसमधून पहाटे डबा घेऊन जाणारे होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या वेळी या बाजूस आखलेले भूखंड, रागीची शेते आणि सारक्कीचे तळे एवढेच होते.

१९८५ साली अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या डल्लास शहरातील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने येथे आपले केंद्र थाटले आणि उपग्रहाच्या दुव्याने बंगळूरचे काम समुद्रापार धाडले. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली आणि १९८३ मध्ये ती बंगळुरास आली. विप्रोचे मूळ तर खानदेशात अमळनेरला, १९४५ साली वनस्पती तुपाच्या धंद्यात! महाराष्ट्रात रुजलेली रोपे येथे येऊन वृक्ष झाली. याचे श्रेय केवळ हवेला देऊन चालणार नाही. पाऊणशे वर्षे अगोदर कोणीतरी वीज, विज्ञानसंस्था आणि तंत्रशाळा येथे आणून ठेवल्या होत्या.

परंतु राज्य म्हणजे बंगळूर नव्हे. देशाची सुमारे सत्तर टक्के कॉफी या राज्यात पिकते, मुख्यतः कोडगू आणि चिक्कमगळूरच्या डोंगरांत. रामनगरच्या बाजारात रेशमाचे कोश विकले जातात. आणि याच राज्यात उत्तरेकडे कोरडवाहू तालुक्यांची रांग लागते, जेथून माणसे पोटासाठी बंगळूर, पुणे, मुंबई, गोवा येथे बांधकामावर जातात. अर्थशास्त्रज्ञ डी. एम. नंजुंडप्पा यांच्या समितीने २००२ साली आपला अहवाल दिला. १७५ तालुक्यांपैकी ११४ मागासलेले, आणि त्यांतील ३९ अत्यंत मागासलेले, असे तिने दाखवून दिले. या अत्यंत मागासलेल्यांत गुलबर्गा विभागाचा वाटा सर्वांत मोठा. हे दुःख आपल्याला अपरिचित नाही. पलीकडे मराठवाडा हेच बोलतो. निजामाच्या राज्याचे तुकडे तीन राज्यांत गेले, आणि जेथे गेले तेथे मागे राहिले.

वास्तू

१३ जुलै १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते विधानसौधाची कोनशिला बसवली गेली. मुख्यमंत्री होते के. सी. रेड्डी आणि मूळ आराखडा बराच साधा होता. १९५२ साली केंगल हनुमंतय्या मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी तो बाजूस सारला. सांगतात की, रशियाहून आलेल्या काही पाहुण्यांनी शहर पाहून विचारले, या गावात तुमची स्वतःची अशी इमारत कोणती? सारे काही युरोपी दिसते. हा प्रश्न हनुमंतय्यांना झोंबला. आख्यायिका खरी असो वा नसो, समोरच्या अठारा कचेरीकडे पाहिले म्हणजे प्रश्न खोटा वाटत नाही.

मुख्य स्थापत्यकार बी. आर. माणिकम् यांच्याकडून त्यांनी नवा आराखडा करवून घेतला. द्राविड पद्धतीची देवळे, राजवाड्यांचे सज्जे, कमळाच्या आकृतींचे कठडे, आणि आधुनिक सचिवालयाची सोय, यांचा तो मेळ आहे. पायाशी इमारत सातशे फूट लांब आणि साडेतीनशे फूट रुंद आहे. पूर्वेकडे दोनशे फुटांहून रुंद अशा पंचेचाळीस पायऱ्या. वर चाळीस फूट उंचीचे बारा ग्रॅनाइटचे खांब. मधला घुमट साठ फूट व्यासाचा, आणि त्यावर अशोकस्तंभाचे सिंह. दगड परगावाहून आणला नाही. मल्लसंद्र आणि हेसरघट्टा येथल्या खाणींतला, शोभेसाठी मागडीचा गुलाबी आणि तुरुवेकेरेचा काळा. सुमारे पाच हजार मजूर आणि दीड हजार पाथरवट, गवंडी व लाकडावर नक्षी करणारे कारागीर तेथे राबले. मजुरांत शिक्षा भोगणारे कैदीही होते. मंत्रिमंडळाच्या दालनाचे दार चंदनाचे आहे.

खर्च दोन कोटींच्या आतलाच. पण त्या दिवसांत ती रक्कम डोळ्यांत खुपणारी होती. अन्नधान्याची ओढ असताना मुख्यमंत्री राजवाडा बांधतात, अशी टीका झाली, चौकशीही झाली. हनुमंतय्या जातीने कामावर फेऱ्या घालीत. इमारत १९५६ मध्ये पुरी झाली आणि त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, पक्षांतर्गत विरोधामुळे त्यांना पायउतार व्हावे लागले. ज्या दालनासाठी एवढा अट्टहास केला त्यात राज्य चालवण्याचे भाग्य त्यांना फारसे लाभले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातले चार जिल्हे, हैदराबादेतले तीन, मद्रासेकडील दक्षिण कन्नड आणि कोडगू यांसह विस्तारलेले म्हैसूर राज्य अस्तित्वात आले, आणि त्याचे मुख्यमंत्री झाले एस. निजलिंगप्पा. १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याचेच नाव कर्नाटक झाले.

तेव्हा टीकाकारांचे काय, असे आपण विचाराल. टीका मला सर्वस्वी अनाठायी वाटत नाही. भुकेल्या माणसाला घुमट दाखवणे हा अपराधच आहे. पण हनुमंतय्यांनी लहान संस्थानाकरिता मोठी वास्तू बांधली, आणि वास्तू पुरी होता होता राज्य तिच्या मापाचे झाले. विलीनीकरणाला जुन्या म्हैसुरातून विरोध होता, तरी हनुमंतय्या त्या बाजूस उभे राहिले. ही दोन कामे मला एकाच स्वभावाची वाटतात.

ऑस्टिनचे सहा शिक्के

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेस गेलो असता टेक्सासची राजधानी ऑस्टिन येथील राज्यसभागृह पाहण्याचा योग आला. आमची विमाने बनविणारी, संगणक चालविणारी मुले जेथे जातात ते हे दक्षिणेकडील राज्य. कापूस आणि गुरे यांवर ते वाढले, १९०१ साली तेथे तेलाचा मोठा फवारा उडाला आणि मग सारेच बदलले. १८८८ साली खुली झालेली ती इमारत लालसर ग्रॅनाइटची असून वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलहूनही उंच आहे. बांधण्यास रोकड नव्हती. म्हणून राज्याने कंत्राटदारांना तीस लाख एकर जमीन दिली! दगड फोडण्यास कैदी लावले, म्हणून पाथरवटांच्या संघाने बहिष्कार घातला. तेव्हा स्कॉटलंडहून पाथरवट आणवले. कैदी, ग्रॅनाइट, खर्चाची ओढाताण! मला क्षणभर वाटले, मी विधानसौधाचीच हकिकत ऐकतो आहे.

परंतु मला सर्वांत विचारात पाडले ते घुमटाखालच्या जमिनीने. तेथे सहा शिक्के आहेत. स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, टेक्सासचे प्रजासत्ताक, दक्षिणेचा बंडखोर संघ आणि संयुक्त संस्थाने. ज्यांनी ज्यांनी या भूमीवर राज्य केले त्या सर्वांचे. शत्रूचेही आणि पराभूताचेही. लोक त्यांवरून चालत जातात.

मी मनात म्हटले, बंगळुरात अशी जमीन केली तर तिच्यावर किती शिक्के येतील? केंपेगौडा, विजापूर, भोसले, मोगल, वोडेयर, हैदर-टिपू, इंग्रज. त्यांत आपल्याला आपला शिक्का शोधावासा वाटेल. तसा तो वाटणे स्वाभाविक आहे. पण लगेच दुसरा विचार आला. मुंबईच्या विधानभवनात अशी जमीन केली, तर बदामीच्या चालुक्यांचा शिक्का तेथे असेल की नाही? वेरूळचे कैलास लेणे घडवणाऱ्या राष्ट्रकूटांचा? त्यांच्या दरबारी कानडीला केवढा मान होता! आपण तो शिक्का मोकळ्या मनाने बसवू काय? ज्याची त्याने आपल्याशी उत्तरे द्यावीत.

आणि हा प्रश्न केवळ शिक्क्यांचा नाही. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते बेळगावात सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. वास्तू भव्य आहे. पण तिची जागा केवळ सोयीने ठरली नाही, हे येथे बसलेल्या बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या मंडळींना मी काय सांगावे? महाजन आयोग १९६६ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातील दावा २००४ चा, आणि निकाल अद्याप नाही. तो विषय न्यायालयापुढे आहे, आणि आजच्या मंगल प्रसंगी त्याचा कज्जा मी येथे चालवणार नाही. माझी स्वतःची मामेबहीण बेळगावच्या शाळेत मराठी शिकली. तिचे दुःख मला ठाऊक आहे. माझा नातू बंगळूरच्या शाळेत कन्नड शिकतो. त्याचा आनंदही मला ठाऊक आहे. एका घरात या दोन्ही गोष्टी नांदतात. सीमेवर ठिणगी पडते तेव्हा येथे आपल्या मंडळाच्या फलकाकडे आपण एकदा भीतीने पाहतो, हे सत्य आहे. पण त्या दिवसांत आपली चौकशी करावयास प्रथम येतो तो शेजारचा कन्नड गृहस्थच, हेही तितकेच सत्य आहे.

राहिलेला हिशेब

आता तो जुना हिशेब.

मी १९७४ साली एका कारखान्यात अधिकारी म्हणून येथे आलो. पहिल्याच रविवारी मित्राबरोबर विधानसौध पाहावयास गेलो. दर्शनी भागावर इंग्रजी अक्षरे कोरलेली आहेत. त्यांचा अर्थ, सरकारचे काम हे देवाचे काम. कन्नडमध्येही तेच आहे, ‘सर्कारद केलस देवर केलस’. इंग्रजी मी वाचले. कन्नड नुसते पाहिले. अक्षरे गोलसर, सुंदर वाटली. ती शिकावीत असे काही मनात आले नाही. कारखान्यात इंग्रजीवर भागत होते, घरी मराठी होती, बाजारात खुणा होत्या. अशी सहा वर्षे गेली.

१९८० साली माझ्या हाताखालच्या एका कारागिराने माझ्या टेबलावर एक अर्ज ठेवला. तो मितभाषी होता, आणि मी त्या वेळी दुसऱ्या विभागात होतो. अर्ज कन्नडमध्ये होता. कोणाकडून तरी वाचून घेऊ, असे म्हणून मी तो खणात टाकला आणि विसरलो. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. पाचव्या दिवशी नियमाप्रमाणे, विनापरवाना गैरहजर म्हणून, मी त्याला नोटीस धाडली. ती इंग्रजीत होती. तो परत आला तो मस्तक मुंडन करून. वडील वारले होते. अर्जात त्याने लिहिले होते की, वडिलांचे अखेरचे दिवस दिसताहेत, गावी जाण्यास परवानगी द्यावी, आणि परत येताच बुडालेले काम भरून काढीन. त्याच्या घरी माझी नोटीस कोणाला वाचता आली नव्हती. माझ्या खणातला अर्ज मला वाचता आला नव्हता.

नोटीस मी मागे घेतली, क्षमाही मागितली. तो म्हणाला, ‘परवा इल्ला, सार.’ काही हरकत नाही, साहेब. एवढे दोन शब्द मला कळत होते. त्या संध्याकाळी मी वर्णमालेचे पुस्तक विकत आणले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मी पाटीवर ‘अ, आ’ गिरवू लागलो, आणि शिकवावयास आला तो हाच कारागीर. त्याने गुरुदक्षिणा घेतली नाही. माझ्या पत्नीकडून पुरणपोळी करावयास मात्र त्याची पत्नी शिकली. तीही म्हणाली, होळिगे आम्ही करतोच, तुमची जरा निराळी. तो आता हयात नाही.

कन्नड वाचू लागल्यावर मी पुन्हा विधानसौधापाशी गेलो आणि ती ओळ वाचली. देवाचे काम मोठे खरे. पण त्याची सुरुवात समोरच्याचा अर्ज वाचता येण्यापासून होते, एवढे मला त्या दिवशी समजले.

मंडळींनो, श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायांशी मराठीतला एक अतिप्राचीन लेख आहे. मूर्ती कोणी करविली, हे तेथे कन्नडमध्ये, तामिळमध्ये आणि मराठीत कोरले आहे. आपल्या भाषेचा जन्मदाखलाच जणू कानडी मुलखातल्या दगडावर सापडतो, आणि तोही एकटा नव्हे, दोन भाषांच्या शेजारी. ज्याने ते कोरविले त्याला यात्रेकरू कोण येतात हे ठाऊक होते. मराठीतले पुष्कळ आपण येथे पन्नास वर्षे जपले. आपली नाटके, दिवाळी अंक, हळदीकुंकू आणि भजने जपली. मराठी राखण्यात आपण कोठे कमी पडलो असे मी म्हणणार नाही. शेजारची ओळ वाचण्यात मात्र आपल्यातले अनेक जण कमी पडले, आणि त्यांत मी अग्रभागी होतो.

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन सूचना ठेवतो आणि रजा घेतो. पहिली सूचना अशी की, महोत्सवी वर्षात मंडळाने आपल्या वास्तूत कन्नडचा वर्ग सुरू करावा, आणि त्यात केवळ नव्याने आलेल्या संगणकवाल्या मुलांनी नव्हे, तर आम्हा पांढऱ्या केसांच्या मंडळींनीही बसावे. त्याच्या बदल्यात शेजाऱ्यांच्या मुलांसाठी मराठीचा वर्ग ठेवावा. कोणी ना कोणी येईल. दुसरी सूचना सहलीची. जे. पी. नगरच्या स्थानकावर मेट्रोत बसून मॅजेस्टिकला गाडी बदलली की विधानसौधाचे स्थानक येते. त्या स्थानकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, त्यासमोरच्या रस्त्यालाही त्यांचेच, आणि विधानसौधासमोर त्यांचा पुतळा आहे. रविवारी सायंकाळी वास्तूवर रोषणाई असते. नातवंडांना घेऊन जावे, आणि ती ओळ त्यांच्याकडून वाचून घ्यावी. त्यांना ती येते. आपल्याला न आल्यास त्यांनी आपल्याला शिकवावी.

 मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.